मैफल सुरू झाल्याची वर्दी

रेडिओवर गाणें ऐकणाऱ्याला एक मोठी सोय असते, आणि ती इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं तिचा कोणी उल्लेखही करीत नाहीं. कार्यक्रम किती वाजतां लागणार, हें त्याला आधींच ठाऊक असतें. मुंबईचें ध्वनिक्षेपण-केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, आणि त्याच महिन्यांत कार्यक्रमांच्या वेळा छापणारें 'इंडियन रेडिओ टाइम्स' हें पत्रही निघालें. म्हणजे ऐकण्याची सोय आणि कधीं ऐकावें हें सांगणारा कागद, हीं दोन्ही भावंडें जवळजवळ एकदमच जन्मास आलीं. बाहेर पाऊस कोसळो कीं गवयाला सर्दी होवो, ठरल्या वेळीं निवेदकाचा आवाज यायचाच. श्रोत्यानें घड्याळाकडे पाहून कळ फिरविली म्हणजे झालें.

हल्लीं घरोघरीं जें थेट प्रक्षेपण चालतें, ज्याला मुलें 'लाइव्ह' म्हणतात, त्याच्यापाशीं असा कागद बहुधा नसतो. गाणारा आपल्या खोलींत मोबाइल उभा करितो, एक बटण दाबतो, आणि त्याचें गाणें साऱ्या जगाला ऐकूं जाऊं लागतें. पण जग त्या वेळीं भाजी चिरीत असतें. गाणें सुरू झालें आहे हें त्याला कोणी सांगावें, आणि सांगण्याचें तें काम यंत्राकडे सोपवितां येईल काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय दिसण्यांत लहान आहे. परंतु आमच्या अंबरनाथ पूर्वेंत आम्हीं तो प्रत्यक्ष करून पाहिला, त्यांत आमची फजितीही झाली, आणि एकदां ती हंसण्यावारी नेण्यासारखी राहिली नाहीं.

आमच्या इमारतींतला एक तरुण मुंबईंत नोकरीला आहे. गाण्याची तालीम लहानपणापासूनची. पण मैफली करीत हिंडण्याइतका वेळ नोकरींतून उरत नाहीं, म्हणून रात्रीं घरीं आल्यावर तो यूट्यूबवर पाऊण तास गातो. आतां मुंबईच्या टोकापासून अंबरनाथ साठ किलोमीटर. संध्याकाळच्या लोकलनें यायचें म्हणजे कधीं साडेसातला जिना चढेल, कधीं नऊ वाजतील, आणि कल्याणपाशीं गाडी रखडली तर त्याहूनही उशीर. आल्यावर हातपाय धुवावयाचे, दोन घांस खावयाचे, मग तंबोरा लावावयाचा. ह्याचें वेळापत्रक छापावें तरी कोणत्या तोंडानें? त्याचे ऐकणारे दीड-दोनशें. कांहीं ह्याच गांवांतले, कांहीं उल्हासनगर-बदलापूरचे, कांहीं पुण्याचे, आणि दोन-तीन कुटुंबें परदेशांतलीं. ह्या सर्वांचा टेलिग्रामवर एक कट्टा आहे. तेथें रागांवरून वाद होतात, जुन्या ध्वनिमुद्रिकांची देवघेव होते, आणि पावसाळ्यांत गाड्यांची व पाण्याची खबरही तेथेंच दिली जाते, कारण निम्मी मंडळी रोजची प्रवासी. ही शेवटची गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

प्रारंभीं वर्दी देण्याचें काम शेजारच्या मावशी करीत. भिंतीपलीकडे तंबोरा लागला कीं त्या कट्ट्यावर लिहीत, 'चला, बसला हो गायला!' पूर्वीं गांवाला दवंडीवाला असे, कारखान्याला भोंगा असे, देवळाला घंटा असे. तशा आमच्या कट्ट्याला मावशी. परंतु त्या लेकीच्या बाळंतपणासाठीं पुण्याला गेल्या, आणि दीड महिना तो मुलगा भिंतीला गाणें ऐकवीत बसला. एकदां त्यानें मारवा फार सुरेख गाइला, असें तो स्वतःच म्हणतो. ऐकणारे दोघे, आणि त्यांतला एक म्हणजे त्याचाच दुसरा फोन. पुढें त्यानें हें सारें बंद करण्याची भाषा काढली, तेव्हां कोठें मंडळी जागी झाली. यंत्राला मावशी करावें, असें ठरलें.

टेलिग्रामनें जून २०१५ पासून 'बॉट' नांवाची सोय खुली केली आहे. बॉट म्हणजे गटांत माणसासारखा सदस्य होऊन बसलेला प्रोग्राम. त्याला बोलावयास शिकविणें अवघड नाहीं. अवघड भाग निराळाच आहे : त्यानें बोलण्यापूर्वीं त्याला स्वतःला गाणें सुरू झाल्याचें कळलें पाहिजे. कळण्याच्या रीती दोन. स्थानकाच्या पुलावर उभें राहून दर मिनिटाला रुळांकडे मान लांबवून पाहणें ही एक. घोषणा होईल तेव्हां उठूं, असें म्हणून बांकावर वर्तमानपत्र वाचीत बसणें ही दुसरी.

पहिली रीत सोपी, म्हणून आम्हीं तीच आधीं धरली. बॉटनें ठराविक अंतरानें यूट्यूबला विचारावयाचें, 'गाणें चालू आहे काय?' यूट्यूब अशा प्रश्नांचीं उत्तरें फुकट देतें, पण मोजून. गेलीं कांहीं वर्षें तेथील हिशेब असा चालत आला आहे कीं, प्रत्येक प्रोग्रामला दिवसाकाठीं १०,००० एककें मिळतात, आणि शोध घ्यावयाच्या एका प्रश्नास १०० एककें पडतात. म्हणजे दिवसाचे प्रश्न शंभर. चोवीस तासांचीं मिनिटें १,४४०. त्यांस शंभरांनीं भागिलें कीं दोन प्रश्नांमधील अंतर चौदा मिनिटें चोवीस सेकंद येतें. पाऊण तासाच्या गाण्याची वर्दी चौदा मिनिटें उशिरा मिळाली तर विलंबित ख्याल बराचसा हातचा गेलेला असतो. कोणी सुचविलें कीं, दिवसभर न विचारतां रात्रीं सात ते दहाच विचारावें. सूचना वाईट नव्हती. त्यांत दोन मिनिटांस एक प्रश्न बसतो. पण रविवारीं सकाळीं तो तोडी गातो, त्याचें काय?

मग दुसऱ्या रीतीकडे वळलों. विचारीत बसूं नये, कळवावयास सांगून ठेवावें. ही रीत २००९ च्या सुमारास निघाली, तेव्हां तिचें नांव 'पबसबहबब' असें विचित्र होतें. जानेवारी २०१८ मध्यें वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेनें 'वेबसब' ह्या नांवानें तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली. हिच्यांत तीन पक्ष असतात : मजकूर काढणारा, तो हवा असणारा, आणि मधला अडत्या, ज्याला 'हब' म्हणतात. आपण हबला सांगावयाचें कीं, अमुक चॅनलवर कांहीं घडलें तर अमुक पत्त्यावर कळवा. हब लगेच विश्वास ठेवीत नाहीं. तो त्या पत्त्यावर एक अर्थहीन शब्द पाठवितो आणि तोच शब्द परत येतो कीं नाहीं हें पाहतो. हें नसतें तर कोणीही खोडसाळपणें आपला पत्ता हजार ठिकाणीं देऊन आपल्या दाराशीं टपालाचा ढीग पाडला असता. शब्द परत आला म्हणजे नोंद पक्की. पण कायमची नव्हे, कांहीं दिवसांची. मासिकाच्या वर्गणीप्रमाणें ती मुदत संपण्यापूर्वीं नवी करावी लागते.

ह्या रीतीवर आम्ही इतके खूष झालों कीं, हब नेमकें काय कळवितो हें कोणीं नीट वाचलें नाहीं. हब 'गाणें सुरू झालें' असें कधींच म्हणत नाहीं. चॅनलवर नवें कांहीं आलें, किंवा जुन्याचें शीर्षक अथवा वर्णन बदललें, एवढेंच तो सांगतो. आमचा गवई त्या दिवशीं गाडींत बसल्या बसल्या रात्रीच्या प्रक्षेपणाची नोंद करून मोकळा झाला. शीर्षकांत आधीं 'यमन' लिहिलें, मग 'शुद्ध कल्याण', मग शुद्धलेखन सुधारलें, मग तारीख घातली, मग तबल्याची साथ कोणाची तें वर्णनांत लिहिलें. बॉटनें प्रत्येक खेपेस इमानानें वर्दी दिली : 'गाणें सुरू झालें.' अकरा वेळां. दीडशें घरांतले फोन अकरा अकरा वेळां वाजले, आणि गाणारा त्या वेळीं ठाण्याच्या पुढें उभ्यानें प्रवास करीत होता.

दोष हबचा नव्हता. त्यानें दिलेली बातमी ही केवळ चाहूल होती. आम्हीं तिला साक्ष मानलें. दाराबाहेर पाऊल वाजलें म्हणून कोणी 'पाहुणे आले' असें ओरडत सुटत नाहीं. आधीं दार उघडून पाहतो. आतां आमचा बॉट चाहूल लागतांच त्या विशिष्ट व्हिडिओची चौकशी करितो. मौज अशी कीं, व्हिडिओ कोणता हें एकदां कळल्यावर त्याच्याविषयींचा प्रश्न शोधापेक्षां फार स्वस्त असतो. त्याला शंभराऐवजीं एकच एकक पडतें. म्हणून दर मिनिटाला विचारलें तरी दिवसाचीं १,४४० एककेंच खर्ची पडतात. उत्तरांत 'प्रत्यक्ष आरंभाची वेळ' असा रकाना असतो. तो भरलेला दिसला तरच गाणें खरोखर सुरू झालें. थोडक्यांत, कळवणाऱ्याकडून चाहूल घ्यावयाची आणि खात्री स्वतः विचारून करावयाची. दोन्ही रीतींचा असा संसार लावून दिल्यावर यंत्र ताळ्यावर आलें.

तरीही एक वही लागते. कोणत्या व्हिडिओची वर्दी देऊन झाली, हें बॉटनें लिहून ठेवलें पाहिजे. नाहीं तर वीज जाऊन यंत्र पुन्हां सुरू झालें कीं त्याला कालचेंही नवें वाटतें. ट्विच नांवाच्या दुसऱ्या प्रक्षेपण-संस्थेनें तर स्वच्छ सांगून ठेविलें आहे कीं, आमचा एकच निरोप आपणांस एकाहून अधिक वेळां येऊं शकेल. म्हणून प्रत्येक निरोपावर त्या क्रमांक घालतात, आणि तो क्रमांक पूर्वीं पाहिला असल्यास घेणाऱ्यानें गप्प बसावें. येथें एक बारीक प्रश्न उद्भवतो. आधीं वहींत लिहून मग हांक मारावी, कीं आधीं हांक मारून मग लिहावें? दोहोंच्या मधल्या क्षणीं वीज गेली तर पहिल्या रीतींत वर्दी बुडते, दुसऱ्या रीतींत ती दोनदां जाते. ह्याचें उत्तर यंत्रशास्त्रांत नाहीं. वर्दी कशाची आहे त्यावर तें अवलंबून आहे. गाण्याची वर्दी एखादे दिवशीं बुडाली तरी चालेल, दोनदां नको. पुराची वर्दी दोनदां गेली तरी चालेल, बुडतां कामा नये.

आणि हें आम्हांस शिकवावयास खरोखरच पाणी यावें लागलें.

अकरा वर्द्यांच्या त्या रात्रीं पुष्कळांनीं कट्ट्याचा आवाज बंद करून टाकला होता. कोणी भांडलें नाहीं, कोणी तक्रार केली नाहीं. आवाज बंद करणें एका बोटाचें काम आहे, आणि बंद केलेला आवाज पुन्हां सुरू करण्याची आठवण सहसा कोणाला होत नाहीं. त्यानंतरच्या जुलैंत एका संध्याकाळीं बदलापूरच्या पुढें रुळांवर पाणी चढूं लागलें. तो मुलूख कसा आहे हें साऱ्या देशानें २०१९ सालीं पाहिलें आहे : २६ जुलैच्या रात्रीं मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पाण्यांत अडकली, आणि दुसऱ्या दिवशीं सुमारें १,०५० प्रवाशांना बाहेर काढावें लागलें, त्यासाठीं नौका आणाव्या लागल्या. म्हणून कट्ट्यावरील एका प्रवाशानें त्या संध्याकाळीं साडेसहालाच लिहिलें, 'कर्जतकडे कोणी निघूं नका.' आमच्या गटांतलें एक जोडपें वृद्ध आईला घेऊन सात वाजतां त्याच दिशेनें निघालें. निरोप फोनमध्यें पोहोंचला होता. फोन मात्र मुका होता. गाडी वाटेंत उभी राहिली ती पहाटेपर्यंत. आईंची मधुमेहाची सुई घरीं राहिलेली. डब्यांतल्या एका अनोळखी बाईंनीं आपल्याजवळचें खाणें त्यांना वेळच्या वेळीं दिलें म्हणून निभावलें. सकाळीं तीं तिघें परत आलीं तेव्हां कोणी आम्हांस दोष दिला नाहीं. पण ज्यानें बॉट लिहिला तो तरुण दोन दिवस कट्ट्यावर दिसला नाहीं, आणि बॉटला शाबासकी देणाऱ्यांत मीही होतों.

ह्यानंतर जें केलें तें यंत्राच्या दृष्टीनें किरकोळ आहे. नोव्हेंबर २०२२ पासून टेलिग्रामच्या गटांत निरनिराळीं दालनें पाडतां येतात आणि प्रत्येक दालनाचा आवाज स्वतंत्रपणें बंद करतां येतो. गाण्याच्या वर्दीला एक दालन दिलें. पाण्या-गाड्यांच्या खबरीला दुसरें. खबरीच्या दालनांत बॉटला तोंड उघडण्याचा अधिकारच ठेविला नाहीं. तेथें माणसेंच लिहितात. वर्दीच्या दालनांत तो बोलतो, पण हलक्या आवाजांत. बॉटला निरोप पाठवितांना 'आवाज करूं नये' अशी खूण जोडतां येते. फोनवर अक्षरें उमटतात, घंटी वाजत नाहीं. ज्यांना घंटी हवीच आहे त्यांनीं बॉटला एकदां तसें खासगींत सांगावयाचें; मग तो त्यांना वेगळा, वाजता निरोप धाडतो. असें सांगणारे आजवर चाळीसेक निघाले. बाकीच्यांना घंटी नको होती, आणि आम्ही ती त्यांना अकरा वेळां ऐकवीत होतों.

परदेशांतल्या मुलांचा कट्टा डिस्कॉर्डवर आहे. तेथेंही प्रकार हाच. फक्त नांवें वेगळीं. तेथें 'एव्हरीवन' असा एक शब्द आहे, तो लिहिला कीं अख्ख्या गटाला हांक जाते. बॉटच्या तोंडीं हा शब्द कधींही देऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. ज्यांनीं स्वतः होऊन नांव नोंदविलें असेल त्यांच्यापुरती एक 'भूमिका' तेथें करतां येते. हांक तेवढ्यांनाच मारावी.

गाणें संपल्यावर काय करावें, ह्यावरही वाद झाला. 'संपलें' असा नवा निरोप पाठविला तर पुन्हां गडबड. न पाठवावा तर अकरा वाजतां फोन पाहणारा 'सुरू झालें' वाचून धांवत येतो आणि त्याला रिकामा पडदा दिसतो. आम्हीं पहिलाच निरोप दुरुस्त करण्याचें ठरविलें. दुरुस्तीनें कोणाचा फोन वाजत नाहीं, आणि मागाहून येणाऱ्याला खरें तेंच दिसतें. पुढें वाचनांत आलें कीं, थोरामोठ्यांनीं हा विचार पूर्वींच करून ठेविला आहे. आपत्तीच्या सूचनांसाठीं ओएसिस ह्या संस्थेनें २००४ सालीं 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' म्हणून एक प्रमाण पद्धति घालून दिली; तिच्यांत प्रत्येक सूचनेला स्वतःची ओळख असते, आणि ती नवी आहे, पूर्वीच्या सूचनेंतील फेरबदल आहे कीं पूर्वीची सूचना रद्द करणारी आहे, हें तिच्यांतच लिहावें लागतें. २०२३ सालीं आपल्यांतल्या पुष्कळांच्या फोनवर सरकारी चांचणीचा जो कर्कश आवाज एकाएकीं झाला, त्याच्यामागील भारतीय यंत्रणा ह्याच पद्धतीवर उभारलेली आहे. आवाज कर्कश होता खरा. पण तसा तो क्वचितच होतो, म्हणून घरांतले सगळे दचकून फोनकडे पाहतात.

आतां उलट दिशेची एक फजिती. एकदां चार दिवस बॉट गप्प होता. मंडळींना वाटलें, गवई आजारी असेल; गवयाला वाटलें, मंडळी कंटाळली. दोघेही भिडेखातर विचारीनात. शेवटीं कळलें कीं हबकडील नोंदीची मुदत संपली होती आणि ती नवी करावयाची राहून गेली होती. बडबड्या यंत्राचा दोष ऐकूं येतो. मुक्या यंत्राचा दोष शांततेंत मिसळून जातो. तेव्हांपासून बॉट रोज सकाळीं आपल्या राखणदाराला, आणि फक्त त्यालाच, एक ओळ पाठवितो : मी चालू आहे, नोंद अजून इतके दिवस आहे. ती ओळ आली नाहीं तर राखणदार उठून पाहतो. त्याच राखणदाराकडे बॉटची किल्लीही असते. टेलिग्राम ही एक लांबलचक अक्षरांची किल्ली देतें. ती ज्याच्या हातीं पडेल तो बॉटच्या तोंडून वाटेल तें बोलूं शकतो. आमच्यापैकीं एकानें उत्साहाच्या भरांत सबंध प्रोग्राम किल्लीसकट मित्रांना पाहावयास पाठविला होता. सुदैवानें ती रद्द करून दुसरी घेतां येते, आणि ती आम्हीं त्याच रात्रीं घेतली.

उशिराचाही विचार करावा लागतो. रात्रीं वीज जाऊन आली, किंवा इंटरनेट तासभर बंद पडलें, तर बॉट जागा होतांच त्याला कळतें कीं गाणें सुरू होऊन चाळीस मिनिटें झालीं आहेत. अशा वेळीं 'सुरू झालें' म्हणणें खोटें ठरतें. म्हणून आरंभाला वीस मिनिटांहून अधिक वेळ झाला असेल तर त्याचे शब्द बदलतात : 'चालू आहे, ८ वाजून ५० मिनिटांपासून.' त्याला घंटीही नसते. निरोपांत रागाचें नांव, वेळ आणि दुवा एवढेंच असावें, असा दंडक आहे. आरंभीं आम्हीं त्यांत फुलें, नमस्कार आणि सुविचार घातले होते. ते एकेक करून गळाले.

मावशी आतां पुण्याहून परतल्या आहेत. बॉट गाणें सुरू झाल्यावर मिनिटा-दीड मिनिटांत वर्दी देतो; राखणदाराला त्याचा अभिमान आहे. मावशींना मात्र भिंतीपलीकडे तंबोऱ्याच्या तारा जुळवितांनाच ऐकूं येतात, तें बॉटच्या पांच-सात मिनिटें आधीं; आणि त्या लिहितात, 'पंचम लागला, चहा ठेवा.' त्यांचा हा निरोप कोणत्या दालनांत पडावा, हें अजून ठरलेलें नाहीं.